माझी लादी उंटावर चढली नाही

मिठाची पहिली लादी तीन तुकडे होऊन फुटली. दुसरीचा कोपरा उडाला. तिसरीच्या वेळी वाकस, म्हणजे तासायचं हत्यार, घसरून माझ्या बुटावर बसला आणि आजूबाजूचे चार-पाच जण हातातलं काम थांबवून खदखदून हसले. बूट जाड होता म्हणून अंगठा वाचला. ज्याने मला वाकस दिला होता तो अफार जमातीचा कारागीर मात्र हसला नाही. त्याने माझ्या हातातून वाकस काढून घेतला, पुढची लादी दोन्ही पावलांमध्ये धरली आणि मिनिटभरात तिच्या चारही कडा सुरीने पाव कापावा तशा सरळ करून टाकल्या. मग वाकस परत माझ्यापुढे धरला. घे, कर.

मी बसलो होतो मिठावर. समोर मीठ, मागे मीठ, डोंगरांच्या निळसर रेघेपर्यंत सगळं मीठच. इथिओपियाच्या ईशान्य कोपऱ्यात, एरिट्रियाच्या सीमेजवळ दानाकिलचा खोलगट प्रदेश आहे. समुद्रसपाटीपासून शंभराहून जास्त मीटर खाली. महिना जानेवारी, साल २०२०. सकाळचे नऊ वाजले होते आणि घामाने शर्टावर मिठाचे नकाशे उमटले होते. निदान ते मीठ तरी माझं स्वतःचं होतं.

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. आमच्या घरात मिठागर आठवतं. आजोबांचं खाडीकाठी लहानसं आगर होतं. मी शाळेत असताना एका पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि मग तो बांध कुणी पुन्हा घातला नाही. पण त्याआधीच्या उन्हाळ्यांत मी वाफ्यांच्या बांधांवर अनवाणी पळालेलो आहे. त्यामुळे मीठ म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. पुढे मी इलेक्ट्रिकलचा माणूस झालो आणि फिरत फिरत इथिओपियातल्या एका साखर कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर येऊन पडलो. वडिलांना फोनवर सांगितलं, की सुट्टीत मीठ बघायला चाललोय, इथे मीठ जमिनीतून फोडून काढतात. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीठ फोडायचं नसतं रे, ओढायचं असतं."

तिग्राई या डोंगराळ प्रांताची राजधानी मेकेले, तिथून गाडी ठरवली होती. ड्रायव्हरशी मी मुद्दाम अम्हारिकमध्ये बोललो. दीड वर्षात शिकलेली भाषा मिरवायची हौस. तोही खूश झाला आणि म्हणाला, अकरा वाजता निघू. मी "इशी", म्हणजे बरं, म्हटलं आणि झोपलो. पहाटे पाचला दारावर थापा. या देशात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि पहाटेचे पाच म्हणजे रात्रीचे अकरा. इंग्रजीत बोललो असतो तर त्याने परदेशी माणसाचं घड्याळ वापरलं असतं. मिरवण्याची किंमत म्हणजे चहाशिवाय प्रवास.

मेकेले साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे स्वेटर लागतो. तिथून रस्ता उतरायला लागतो तो उतरतच राहतो, कानांत दडे बसतात, आणि दर अर्ध्या तासाने अंगावरचा एक कपडा कमी होतो. वाटेत बेरहाले नावाचं गाव लागतं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. त्या काळात परदेशी माणसाला अफारांचा वाटाड्या आणि बंदूकधारी पहारेकरी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे. २०१२ मध्ये इथल्याच एर्टा आले ज्वालामुखीवर पाच पर्यटक मारले गेले होते, तेव्हापासून बंदोबस्त कडक. आमचा पहारेकरी विशीतला होता. बंदुकीपेक्षा मोबाइलवरच्या गाण्यांकडे त्याचं लक्ष जास्त.

मुक्काम हमेद एला. एला म्हणजे विहीर, हमेदची विहीर. काटक्यांच्या झोपड्या, पिवळे प्लास्टिकचे डबे आणि उघड्यावर मांडलेल्या खाटा, एवढंच गाव. घरात झोपायचा प्रश्नच येत नाही. रात्रीही वारा थांबत नाही, आणि तो वारा गार नसतो. भाकरी भाजताना चुलीसमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी झळ, फक्त धुराशिवाय. हा इथला हिवाळा. जवळच्या दल्लोलमध्ये १९६० ते १९६६ या काळात तापमानाच्या नोंदी ठेवल्या होत्या. रात्री, दिवस, हिवाळा, सगळं धरून वर्षाची सरासरी ३४.६ अंश निघाली. माणसं राहत असलेल्या जागी नोंदलेली ही जगातली सर्वात जास्त सरासरी. अकोला-चंद्रपूरकरांनी मे महिन्याचा टेंभा मिरवू नये असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या मे महिन्यानंतर जून येतो.

दल्लोलचे पिवळे-हिरवे रंग सगळ्यांनी फोटोंत बघितलेले असतात, म्हणून ते आवरतं घेतो. जमिनीतून गरम आम्ल उकळत वर येतं, गंधक आणि क्षारांच्या वाट्या होतात, नाकाला फटाक्यांचा वास येतो. मला जास्त वेळ धरून ठेवलं ते शेजारच्या ओसाड वस्तीने. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इटालियनांनी इथलं पोटॅश काढण्यासाठी तांबड्या समुद्रावरच्या मेर्सा फात्मा बंदरापासून इथल्या जवळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आणली होती. आता उरल्यात गंजलेल्या टाक्या, चाकं आणि पडक्या भिंती. त्या भिंती मिठाच्या चिऱ्यांच्या आहेत. आपल्याकडे जांभा, तसं तिथे मीठ. अशा घरावर आमच्या पेणचा एक आषाढ पडला असता तर?

एवढं मीठ आलं कुठून, हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मला जरा बरं वाटलं. कारण उत्तर आमच्या आगरासारखंच निघालं. पृथ्वीचे तीन मोठे तुकडे या भागात एकमेकांपासून दूर सरकतायत, म्हणून जमीन ताणली जाऊन खचली. त्या खळग्यात तांबड्या समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा शिरलं. मग मधली जमीन उंच झाली, समुद्र बाहेर राहिला आणि आतलं पाणी उन्हाने आटलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा, ऊन खायला सोडून द्यायचं. आजोबा एका मोसमात जे करायचे ते इथे जमिनीने हजारो वर्षं घेऊन केलं. काही ठिकाणी मिठाचा थर किलोमीटरहून जाड आहे. वरचा पापुद्रा तर दर वर्षी नवा होतो: डोंगरात पाऊस पडला की लोंढे या सपाटीवर येऊन पसरतात, मीठ विरघळतं, पाणी आटतं, पुन्हा घट्ट होतं. कारवुम किंवा असाले नावाच्या तळ्याकाठी बोटभर पाण्यात आभाळ पडलेलं असतं, आणि जिथे पाणी नाही तिथे जमिनीवर षटकोनी रेषा, कासवाच्या पाठीसारख्या.

आता फोडण्याबद्दल.

एक टोळी कुऱ्हाडीने मिठाच्या जमिनीत लांब खाच पाडते. खाच पुरेशी खोल झाली की तिच्यात चार-पाच लांब वासे ओळीने खुपसतात आणि सगळे एकदम त्यांच्यावर भार टाकतात. कुणीतरी सूर धरतो, बाकीचे ओढतात. पहिल्यांदा काहीच होत नाही. दुसऱ्यांदा खालून बारीक कुरकुर ऐकू येते, आणि मग ओट्याएवढा तुकडा चिखलातून सुटतो तसा वर येतो. खालची बाजू ओली, करडी, आणि खळग्यात लगेच खारं पाणी साचतं. तो मोठा तुकडा ठोकून लहान चौकोन करतात. इथवरचं काम बरेचदा वरून, तिग्राईच्या डोंगरातून आलेल्या माणसांचं. सुगी आटोपली की हे शेतकरी खाली उतरतात. ते ख्रिस्ती. पुढचं काम, लादी घडवायचं, अफारांचं. ते मुसलमान, आणि ही जमीन त्यांच्या कुळांची. दोघांच्या भाषा वेगळ्या, उपवासाचे दिवस वेगळे, पण खळगा एक.

लादी घडवणारा खाली बसतो. हातात आखूड दांड्याचा वाकस, आपल्याकडे सुतार लाकूड तासायला घेतात तसलाच. चौकोन पायात धरायचा, आधी खालची ओली बाजू तासून काढायची, मग कडा, मग वरची पाठ. माप घ्यायला त्याच्याजवळ काहीही नव्हतं. वीत नाही, दोरी नाही, काठी नाही. तरी त्याच्या मागे रचलेल्या थप्पीतल्या लाद्या विटभट्टीतून निघाल्यासारख्या एकसारख्या, प्रत्येक चारेक किलोची. तो उचलून तळहातावर झुलवायचा आणि जड वाटली तर पुन्हा दोन फटके.

मला वाटलं होतं जोर लागेल. चूक ती तिथेच होती. मी वाकस उचलून आपटत होतो, म्हणून मीठ फुटत होतं. मिठाला दगडासारखी शीर असते. आडवं मारलं की ते स्वतःच्या मर्जीने तुटतं, आपल्या नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि वाकस तिरपा पडू दिला, त्याच्याच वजनाने. ठक असा आवाज आला तर चुकलं, खस्स असा आला तर बरोबर. भाषेचा एकही शब्द न वापरता त्याने मला दहा मिनिटांत एवढं शिकवलं. माझ्या कॉलेजात काही लोकांना चार वर्षांत जमलं नव्हतं. पाचवी लादी निदान लादीसारखी दिसली. मी अभिमानाने त्याच्या थप्पीवर ठेवायला गेलो तर त्याने ती उचलली, झुलवली आणि बाजूला ठेवून दिली.

मला राग आला, खरं सांगतो. वाटाड्याला विचारलं, काय वाईट आहे? त्याने कारागिराला विचारलं. उत्तर म्हणून कारागिराने दोन्ही हात तराजूसारखे पसरले आणि एक खाली झुकवला. उंट. लाद्या उंटाच्या दोन्ही अंगांना बांधतात. एका बाजूला पाव किलो जास्त, अशा दहा-पंधरा लाद्या झाल्या की डोंगर चढताना खोगीर एकीकडे सरकतं, पाठ सोलते, आणि पाठ सोललेला उंट म्हणजे मालकाचा मोसम बुडाला. मी समजत होतो एकसारखेपणा गिऱ्हाइकासाठी असेल.

गिऱ्हाइकासाठीही होताच म्हणा, एके काळी. या लादीला अमोले म्हणत आणि ती इथिओपियात पैसा म्हणून चालायची. सोळाव्या शतकात, १५२० च्या सुमारास आलेल्या फ्रान्सिस्को आल्वारेस या पोर्तुगीज पाद्र्याने मिठाने सौदे होत असल्याचं लिहून ठेवलंय. मजा अशी की हे नाणं खाणीपासून जितकं लांब जाईल तितकं महाग होत जायचं. मेनेलिक राजाने १८९४ मध्ये स्वतःची चांदीची नाणी पाडली, तरी खेडोपाडी लाद्या चालतच राहिल्या. आपला मलिक अंबर याच हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत आला. त्याने खडकी वसवली, जमिनीचा महसूल लावून दिला. त्याच्या लहानपणी त्याच्या मुलखातल्या बाजारात पैशाला वितळण्याची भीती होती, हे त्याला दख्खनच्या पावसात कधी आठवलं असेल का, असं उगाच मनात आलं.

दुपार कलली तशी भरणी सुरू झाली. उंट खाली बसवतात. त्यांचा आरडाओरडा ऐकून वाटतं कापताहेत की काय, पण वाटाड्या म्हणाला ही नेहमीची तक्रार, न ओरडणारा उंट आजारी समजावा. दोराने बांधलेल्या लाद्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना. मग प्रत्येक उंटाच्या जबड्याचा दोर पुढच्याच्या शेपटाकडे, आणि रांग तयार. मी मोजली ती रांग बावीस उंटांची, शेवटी तीन गाढवं. मला त्यांच्याबरोबर हमेद एलापर्यंत चालायचं होतं. गाडी मागून येऊ दे म्हटलं.

चालणं सोपं होतं, कारण उंटाची चाल शांत असते. कठीण होतं ते थांबता न येणं. ही माणसं थांबत नाहीत. भरलेला उंट थांबला की बसतो, बसला की उतरवून पुन्हा भरावा लागतो. त्यामुळे पाणी चालता चालता, चपलेतला खडा काढायचा तोही चालता चालता. रांगेच्या पुढचा म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता आणि मी दमलो तरी बघणार नव्हता, हे लवकरच ध्यानात आलं. सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा पांढरी जमीन आधी गुलाबी, मग राखाडी झाली. उंटांचे पाय तेवढे दिसत राहिले, बांधलेल्या मिठाचं कुरकुरणं ऐकू येत राहिलं. अंधार पडल्यावर हमेद एलाचे दिवे दिसले. मी मेलो होतो. त्यांच्यासाठी ही सुरुवात होती. इथून बेरहालेपर्यंत साबा नदीच्या घळीतून अजून दोन दिवसांची वाट.

थोडा वेळ ते टेकले तेव्हा त्यांनी भाकरी केली. पीठ मळून मुठीएवढ्या तापलेल्या दगडाभोवती थापायचं आणि तो गोळा निखाऱ्यांत सारायचा. आतून दगड भाजतो, बाहेरून निखारा. तव्याची गरज नाही, आणि तवा हे ओझं आहे. मला एक अर्धी मिळाली. मीठ घातलेलं नव्हतं! मी वाटाड्याला तसं म्हटल्यावर त्याने ते सगळ्यांना सांगितलं, आणि अख्ख्या प्रवासात तो पुढे चालणारा म्हातारा पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी मी गाडीने बेरहालेत पोचलो, तांडा अजून घळीत होता. आधीच्या तांड्यांचा माल उतरत होता. इथे लाद्या मोजल्या जातात, कर भरला जातो आणि व्यापाऱ्यांची गोदामं सुरू होतात. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचा धडा पाठ करून आपण मोठे होतो, त्यामुळे मिठावर कर घेणाऱ्या माणसाकडे मी नको तितका वेळ रोखून बघत उभा राहिलो. त्याने मला चहा पाजला. पूर्वी तांडे थेट वर मेकेलेपर्यंत जायचे, आठवडाभराची चाल. रस्ता डांबरी झाल्यापासून इथून पुढे ट्रक. रस्ता खाली हमेद एलापर्यंतही गेलाय, म्हणजे ट्रक थेट खळग्याशी जाऊ शकतो. जात का नाही? गोदामातला माणूस म्हणाला, जातील, आणि मग वासेवाले, वाकसवाले, उंटवाले, दोरवाले, गवत विकणारे सगळे कुठे जातील? तो स्वतः व्यापारी होता, ट्रकचा फायदा त्यालाच होता. तरी हे बोलताना त्याचा आवाज सरळ नव्हता.

मला मात्र वाटतं की लादीचा खरा शत्रू ट्रक नाही. अफार प्रदेशातच दक्षिणेला अफदेरा नावाचं खारं तळं आहे. त्याच्या काठी वाफे आहेत, तळ्याचं पाणी उपसून भरलेले, उन्हात आटणारे. अगदी आमचं आगर. कारखान्याच्या एका कामासाठी आधी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा वाफ्यांच्या बांधावर उभा राहून वडिलांना व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला होता, लागला नाही. ते मीठ बारीक दाण्यांचं, पोत्यात भरता येतं आणि त्यात आयोडीन मिसळता येतं. २०११ मध्ये इथिओपियाने खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं केलं. डोंगराळ भागात गलगंड फार, त्यामुळे कायदा योग्यच. पण दगडासारख्या लादीत आयोडीन कसं घालणार? म्हणून लादी हळूहळू ताटातून उतरून गोठ्यात गेली. मेकेलेच्या बाजारात करवतीने लहान तुकडे करून विकत होते, त्यातलं बरंचसं गुरांसाठी. मी एकाला भाव विचारला, मनातल्या मनात उलटा हिशेब करत खळग्यापर्यंत गेलो, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या वाट्याला काय उरतं ते कळल्यावर हिशेब सोडून दिला.

माझी ती वेडीवाकडी पाचवी लादी मी विकत घेतली होती. कारागिराने तिचे पैसे घ्यायला आधी नकार दिला, मग घेतले. राजधानी अदिस अबाबाच्या विमानतळावर स्कॅनरवाल्याने बॅग उघडायला लावली, लादी बघितली, बोट लावून चाखली आणि जा म्हणाला.

मार्चमध्ये मी करार संपायच्या आत परतलो, कारण तुम्हाला माहीतच आहे. नोव्हेंबरमध्ये तिग्राईत युद्ध पेटलं. ड्रायव्हरचा नंबर कितीतरी महिने लागत नव्हता, तिथले फोनच बंद होते. पुढे एक दिवस त्याचा मेसेज आला, जिवंत आहे, गाडी गेली. खळग्यावर काय चाललंय हे विचारायचं मला सुचलं नाही.

लादी पेणच्या घरात टीव्हीशेजारी ठेवली होती. वडिलांनी ती पहिल्या दिवशी हातात घेऊन झुलवली, अगदी त्या अफारासारखी, आणि म्हणाले, "एका बाजूला जड आहे." जून लागला तशी तिला घाम फुटला. आधी खाली बशी ठेवली, मग ताट, मग परात. जुलैत टीव्हीच्या टेबलाचा पत्रा गंजला तेव्हा आईने निकाल लावला आणि लादी शेजारच्या गोठ्यात देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर म्हैस ती चाटत होती. मी कडा सरळ करायला तासभर घालवला होता तिथे तिने जिभेने आधीच गोलवा आणला होता.